डॅट डेकचं ऑप्टिकल आणि मिक्सरचं लाइन-आउट एकाच साउंड कार्डात: टिकटिक, फाटका आवाज आणि घूं

चुंबकफीत यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. जुन्या डॅट टेप (डॅट म्हणजे आवाज आकड्यांत साठवणारी डिजिटल ऑडिओ टेप) आणि काही कॅसेट संगणकावर उतरवायच्या आहेत. मांडणी अशी आहे: विंडोज ११, पीसीआय-एक्सप्रेस साउंड कार्ड (प्रकाशावर चालणारं डिजिटल ऑप्टिकल इन, तारेचं डिजिटल कोॲक्सिअल आउट, ३.५ मिमीचं लाइन-इन), रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी. डॅट डेक ऑप्टिकलने जोडलाय. कॅसेट डेक मिक्सरमध्ये आणि मिक्सरचं बॅलन्स्ड मेन आउट कार्डाच्या लाइन-इनमध्ये. कोॲक्सिअल आउट ॲम्प्लिफायरला.

अडचणी:

१. ४८ किलोहर्ट्झच्या डॅट टेपवर दर एक-दोन सेकंदांनी बारीक "टिक" येते. ४४.१ च्या टेप लावल्या की सलग खरखर.

२. ऑप्टिकलवर विंडोजचा रेकॉर्डिंग स्लायडर वरखाली केला तरी लेव्हल हलत नाही. काही टेपचा आवाज फार हळू आहे, तो वाढवायचा कसा?

३. लाइन-इनवर मीटर उणे ६ डीबीच्या वर जात नाही, तरी जोरकस जागी आवाज फाटतो.

४. कोॲक्सिअलची केबल ॲम्प्लिफायरला लावली की घूं सुरू. काढली की बंद.

शिवाय याच कोॲक्सिअलमधून गेमचा ५.१ आवाज जाईल का, तेही कळलं तर बरं.

---

खर्जषड्ज

पहिल्या दोन मुद्द्यांचं उत्तर देतो.

तुमचं कार्ड स्वतःच्या क्लॉकवर (सॅम्पल, म्हणजे आवाजाचे एकेक मोजलेले आकडे, कोणत्या गतीने यायचे ते ठरवणारा ठोका) चाललंय आणि डेक त्याच्या. दोन्ही ४८ किलोहर्ट्झ म्हणवतात, पण दोन वेगळे क्रिस्टल तंतोतंत एका गतीने कधीच चालत नाहीत. दोघांत दहा लाखांत २० भागांचा फरक धरा. ४८,००० ला तो सेकंदाला ०.९६ सॅम्पल होतो. म्हणजे साधारण दर सेकंदाला एक सॅम्पल जास्तीचा येतो किंवा कमी पडतो. कार्ड तो टाकून देतं नाहीतर आधीचाच पुन्हा घेतं, आणि तिथे टिक. भरगच्च वाद्यमेळात ती लपते, सलग धरलेल्या सुरावर लगेच कानाला लागते. ४४.१ च्या टेपला तर सेकंदाला ३,९०० सॅम्पलची तूट, म्हणून सलग खरखर.

उपाय: कार्डाच्या स्वतःच्या कंट्रोल पॅनेलमध्ये (विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नव्हे) "क्लॉक सोर्स" किंवा "सिंक" शोधा. तिथे "इंटर्नल" असेल, ते "एक्स्टर्नल" किंवा "एसपीडीआयएफ इन" करा (एसपीडीआयएफ म्हणजे ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअलमधून जाणारा डिजिटल सिग्नल). डेक चालू असताना शेजारी "लॉक" (क्लॉक जुळल्याची खूण) आणि रेट (सेकंदाला किती सॅम्पल) दिसला पाहिजे. मग तोच रेट आणखी दोन ठिकाणी लागतो:

– विंडोजमध्ये: सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, मोअर साउंड सेटिंग्ज. रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये डिजिटल इनवर डबल क्लिक, ॲडव्हान्स्ड, डीफॉल्ट फॉरमॅट. इथे ४४.१ च्या टेपसाठी ४८ राहिलं तर विंडोज गुपचूप रूपांतर करत बसतं.

– ऑडॅसिटीत: प्रोजेक्ट रेट तोच, आणि ऑडिओ होस्ट "विंडोज वासापी".

यात घोळ होऊन ४४.१ चं रेकॉर्डिंग ४८ चं शीर्षक लावून सेव्ह झालं, तर ते ८.८ टक्के वेगात वाजतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. ऐकताना माणसाचा आवाज बारीक वाटला तर आधी हे तपासा.

कंट्रोल पॅनेलमध्ये क्लॉकचा पर्यायच नसेल तर तुमचं कार्ड येणारा प्रवाह जसाच्या तसा घेऊ शकत नाही. काही कार्डं अशा वेळी आतल्या आत रेट बदलून घेतात. त्यांना टिक येत नाही, पण नक्कल तंतोतंत राहत नाही. तुम्हाला टिक येतेय म्हणजे तुमचं त्या प्रकारचं दिसत नाही.

पॅनेलमध्ये ऑप्टिकलसाठी "एसपीडीआयएफ / एडॅट" असा निवडीचा खटका असेल तर तोही बघा. दोन्हींना तेच तोश्लिंक (ऑप्टिकल) सॉकेट चालतं, प्रकाश तसाच लाल, पण एडॅटमध्ये ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनेलची मांडणी असते आणि एसपीडीआयएफमध्ये दोन. खटका चुकीच्या बाजूला असला की लॉक मिळतच नाही.

आता दुसरा मुद्दा. ऑप्टिकलवर स्लायडर चालत नाही ही चांगली खूण आहे. टेपवर जे आकडे आहेत तेच फाइलमध्ये यायला हवेत. हळू असलेली टेप तशीच उतरवा आणि नंतर प्रतीवर लेव्हल वाढवा. रेकॉर्ड करताना वाढवून काहीच हाती लागत नाही, कारण टेपवरचा खरखराट तेवढाच वाढतो. उलट एखादं शिखर शून्याच्या वर गेलं तर ते कायमचं गेलं.

---

फेडरखाली

तिसऱ्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो, कारण मीटर हिरवं असताना फाटणारा आवाज फार लोकांना चकवतो.

आधी वेव्हफॉर्म मोठा करून बघा. जोरकस जागी झूम करत जा, अगदी एकेक सॅम्पल ठिपक्यासारखा दिसेपर्यंत. लाटेचा माथा गोल हवा. तुमच्याकडे तो सपाट, पट्टीने कापल्यासारखा दिसेल, आणि सगळे सपाट माथे एकाच उंचीवर असतील, उणे ६ च्या आसपास. याचा अर्थ सिग्नल कन्व्हर्टरपाशीच कापला गेला आणि नंतर स्लायडरने तो कापलेला सिग्नल खाली आणला. मीटर स्लायडरनंतरचं दाखवतं, म्हणून त्याला पत्ता लागत नाही.

कारण सरळ आहे. मिक्सरचं मेन आउट अधिक ४ डीबीयूचं, म्हणजे नाममात्र लेव्हलला १.२३ व्होल्ट आरएमएस. घरगुती उपकरणांची लाइन लेव्हल उणे १० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. दोघांत जवळजवळ १२ डीबीचा फरक. संगणकाच्या कार्डाचं लाइन-इन बहुतेक वेळा १ ते २ व्होल्ट आरएमएसलाच भरतं. १ व्होल्ट म्हणजे अधिक २.२ डीबीयू. तसं कार्ड असेल तर मिक्सरचं मीटर शून्यावर पोचायच्या आतच माथे कापले जातील. २ व्होल्टचं असेल तर शून्याच्या वर जेमतेम ४ डीबी मोकळीक, आणि संगीताची शिखरं त्याहून सहज वर जातात.

कार्डाची खरी मर्यादा अशी काढा:

मिक्सरवर टोन जनरेटर असेल तर १ किलोहर्ट्झ, नसेल तर फोनवरून कुठलाही स्थिर टोन एका चॅनेलमध्ये द्या. रेकॉर्डिंगच्या लेव्हल्स टॅबमध्ये स्लायडरशेजारच्या आकड्यावर राइट क्लिक करा, तिथे "डेसिबल्स" निवडता येतं. टक्केवारीवर काम करू नका, ५० टक्के म्हणजे किती डीबी हे प्रत्येक ड्रायव्हरचं वेगळं असतं. स्लायडर ० डीबीवर ठेवा. मिक्सरचा फेडर हळूहळू वाढवत माथे सपाट होईपर्यंत न्या आणि त्या वेळची रेकॉर्ड झालेली लेव्हल बघा. आता स्लायडर ६ डीबी खाली आणून फेडर तिथेच ठेवा. माथे पुन्हा गोल झाले तर स्लायडर कन्व्हर्टरच्या आधी आहे आणि त्याचा उपयोग आहे. माथे सपाटच राहून फक्त बुटके झाले तर तो नंतरचा आहे. मग तो माथे बरोबर शून्य डीबीएफएसला (डिजिटलची कमाल लेव्हल) सपाट होतात त्या जागी आणा आणि पुन्हा हात लावू नका. तिथे मीटर खरं बोलतं.

एवढं झाल्यावर मिक्सरच्या बाजूने लेव्हल कमी करायची. फेडर १२ डीबी खाली घेणं हा सोपा मार्ग, आणि चांगल्या मिक्सरवर चालूनही जातो. पण मग मिक्सरचं मीटर तळाशी हलत राहतं आणि फेडर तिथे इतका नाजूक होतो की केसभर सरकला तरी लेव्हल पळते. त्यापेक्षा केबलमध्ये पॅड (लेव्हल कमी करणारी रेझिस्टरची जोडी) बसवा. प्रत्येक चॅनेलला एक ३ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि त्याच्या कार्डाकडच्या टोकापासून ग्राउंडला एक १ किलोओहमचा. एक चतुर्थांश व्होल्टेज म्हणजे १२ डीबी कमी, कार्डाचा इनपुट इम्पिडन्स १० किलोओहम असेल तर पावणेतेराच्या आसपास. रेझिस्टर कार्डाकडच्या प्लगच्या जवळ बसवा.

आणखी एक, केबल कशी जोडलीय? बॅलन्स्ड आउटमधून सरळ स्टिरिओ केबल ३.५ मिमीच्या लाइन-इनमध्ये घातली असेल तर एकाच चॅनेलची हॉट (सरळ सिग्नल) डावीकडे आणि कोल्ड (तोच सिग्नल उलटा) उजवीकडे जाते. ऐकायला स्टिरिओ वाटतं, पण दोन्ही बाजू उलट्या फेजमध्ये असतात आणि मोनो केलं की आवाज नाहीसा होतो. डाव्या आउटची टिप प्लगच्या टिपला, उजव्या आउटची टिप प्लगच्या रिंगला, दोन्ही स्लीव्ह स्लीव्हला. मिक्सरकडची रिंग मोकळी सोडायची की स्लीव्हला जोडायची हे मिक्सरच्या मॅन्युअलमध्ये बघा, आउटपुटच्या बनावटीवर अवलंबून असतं. चुकीची जोडली तर काही सर्किटं तापतात.

रेकॉर्डिंग २४ बिटला, सरासरी उणे १८ ते उणे २० डीबीएफएस आणि शिखरं उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये. "मीटर शून्याला भिडलं पाहिजे" ही १६ बिटच्या काळातली सवय. १६ बिटची मजल (सर्वांत हळू ते सर्वांत जोरकस आवाजातलं अंतर) सुमारे ९६ डीबी, २४ बिटची कागदावर १४४. प्रत्यक्षात कार्डाचा अॅनालॉग भाग ११० च्या आसपास थांबतो, तरी कॅसेटचा खरखराट त्याच्या कितीतरी वर असतो. वर १२ डीबी मोकळे सोडल्याने काही बिघडत नाही.

जाता जाता: "लिसन" टॅबमधला "लिसन टू धिस डिव्हाइस" बंद, ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद, आणि कम्युनिकेशन्स टॅबमध्ये "डू नथिंग". नाहीतर मध्येच एखादा कॉल आला की विंडोज तुम्ही ऐकत असलेला आवाज ८० टक्क्यांनी दाबतं आणि तुम्ही बिघाड शोधत बसता. "स्टिरिओ मिक्स" हे रेकॉर्डिंगचं उपकरण निवडलेलं नाही ना, तेही बघा. त्यात लाइन-इन मॉनिटरसकट पकडलं जातं आणि आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा येतो. आणि केबल निळ्या जॅकमध्येच. गुलाबी हा माइकचा, त्याला बूस्ट असतो आणि टिपेला किंवा रिंगला काही व्होल्टचा बायसही.

---

चुंबकफीत

खर्जषड्ज, क्लॉक एक्स्टर्नल केल्यावर टिक गेली. लॉक ४८ आणि ४४.१ दोन्हीला दिसतो. पण आता डेक बंद केला की संगणकाचा सगळा आवाज जातो. आणि ४४.१ ची टेप चालू असताना ब्राउझरमधला व्हिडिओ खालच्या सुरात, रेंगाळत वाजतो.

फेडरखाली, माथे खरोखरच सपाट आहेत, आणि स्लायडर खाली घेतला की ते फक्त बुटके होतात. पॅड बनवतो.

---

खर्जषड्ज

दोन्ही गोष्टी अपेक्षितच आहेत. कार्डात क्लॉक एकच असतं आणि रेकॉर्डिंग व प्लेबॅक दोन्ही त्यावरच चालतात. ते डेककडून घ्यायचं ठरवलं की डेक बंद होताच कार्डाचा ठोकाच थांबतो. व्हिडिओचंही तसंच: विंडोज सेकंदाला ४८,००० सॅम्पल तयार करतंय आणि कार्ड ४४,१०० च्या गतीने ते बाहेर टाकतंय. प्लेबॅकचा डीफॉल्ट फॉरमॅटही ४४.१ करा, तो सुरात येईल. टेप संपल्यावर क्लॉक परत "इंटर्नल" करायची सवय लावा.

पुढे कधी कार्डाचं डिजिटल आउट डेकच्या डिजिटल इनला जोडलंत, तर एकाच वेळी दोघांनाही "एक्स्टर्नल"वर ठेवू नका. डेक रेकॉर्ड मोडमध्ये डिजिटल इनचं क्लॉक घेतो, कार्ड डेकचं घेतं, मालक कुणीच नाही. रेट डोलत राहतो किंवा लॉक सारखा तुटतो. एक मालक, बाकी सगळे त्याच्या मागे.

---

पंच्याहत्तर_ओहम

घूं आणि ५.१.

घूं डिजिटल आकड्यांमध्ये नाहीये. कोॲक्सिअलची बाहेरची जाळी संगणकाचं ग्राउंड ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला जोडते. दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने झालेलं असलं (बऱ्याचदा टीव्हीच्या अँटेना केबलमुळे) की त्या जाळीतून ५० किंवा ६० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि ॲम्प्लिफायरच्या अॅनालॉग भागात शिरतो. खात्री करायची तर ॲम्प्लिफायर दुसऱ्या इनपुटवर वळवा, पण केबल लावलेलीच ठेवा. घूं तरी आली तर ग्राउंड लूप पक्का.

उत्तम इलाज ऑप्टिकल, कारण प्लॅस्टिकच्या धाग्यातून वीज जात नाही. कार्डाला ऑप्टिकल आउट नसेल तर कोॲक्सिअलचं ऑप्टिकल करणारी छोटी डबी मिळते. तिला वेगळा ॲडॅप्टर लागतो आणि ती संगणकाच्या बाजूला ठेवायची. दुसरा मार्ग डिजिटल ऑडिओसाठीचा पल्स ट्रान्सफॉर्मर. साधा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर इथे चालणार नाही: ४८ किलोहर्ट्झच्या एसपीडीआयएफमध्ये सेकंदाला ३०.७२ लाख बिट धावतात. आणि प्लगची अर्थ पिन काढून घूं घालवायची नाही. आत बिघाड झाला तर बाहेरच्या पत्र्यात वीज येते आणि ते जिवावर बेततं.

केबल ७५ ओहमची घ्या. पिवळ्या प्लगची व्हिडिओ केबल चालते. लाल-पांढरी ऑडिओ केबल एक-दीड मीटरला चालून जाते, लांबी वाढली की परावर्तनाने लॉक डळमळतो.

ऑप्टिकलच्या नव्या केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या असतात. त्या न काढता प्लग दाबून बसवण्याचा प्रकार फार होतो. प्लग खट्‌ असा बसला पाहिजे. चालू आउटपुटमध्ये लाल उजेड दिसतो. अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येत केबल वळवू नका. तोश्लिंकवर ९६ किलोहर्ट्झपर्यंत भरवसा ठेवा. १९२ काही जोड्यांमध्येच चालतं.

कार्डावर किंवा मदरबोर्डवर नुसती एसपीडीआयएफची पिन असेल तर तिथे टीटीएल लेव्हल (चिपमधून थेट येणारं व्होल्टेज) असते. ऑप्टिकल ट्रान्समीटरला ती सरळ देता येते, कोॲक्सिअलला नाही, कारण तिथे ७५ ओहमवर अर्धा व्होल्ट पीक-टू-पीक हवा. ५ व्होल्टच्या पिनसाठी: ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत, मग ३७४ ओहम मालिकेत, मग ९०.९ ओहम ग्राउंडला, तिथून आरसीए सॉकेट. ताळा: विनाभार ०.९८ व्होल्ट, ७३ ओहमचा सोर्स, पलीकडे ७५ ओहम लागले की अर्धा व्होल्ट. पिन ३.३ व्होल्टची असेल तर हे आकडे चालणार नाहीत, आधी मोजून घ्या.

५.१ बद्दल: सहा चॅनेल, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४६ लाख बिट. तारेत ते मावत नाहीत. चित्रपटातला डॉल्बी डिजिटल (कमाल ६४० किलोबिट) किंवा डीटीएसचा आधीच दाबलेला प्रवाह जातो. गेमचा आवाज मात्र त्या क्षणी तयार होत असल्याने कार्डाच्या ड्रायव्हरला डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट (आवाज तिथल्या तिथे दाबून पाठवण्याची सोय) यायला हवं. नसेल तर एचडीएमआय वापरा, त्यातून आठ चॅनेलचं पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) जातं.

आणि दाबलेला प्रवाह पाठवताना वाटेत कुठलाही डिजिटल व्हॉल्यूम १०० टक्क्यांहून कमी नको. एकेक बिट बदलला की ॲम्प्लिफायर त्याला ओळखत नाही आणि पूर्ण ताकदीने खरखर वाजवतो. पहिल्यांदा जोडताना ॲम्प्लिफायर हळू ठेवा.

---

पेंग्विनखिडकी

लिनक्सवर हेच करणाऱ्यांसाठी थोडक्यात. अल्सामिक्सर (टर्मिनलमधला लेव्हलचा प्रोग्रॅम) उघडा, एफ६ ने कार्ड, एफ४ ने कॅप्चर, स्पेसबारने त्या इनपुटवर कॅप्चर चालू. प्लेबॅकमध्ये "एमएम" दिसलं तर ते म्यूट आहे, एम दाबा. डिजिटल आउट "आयईसी ९५८" नावाने असतं आणि बऱ्याचदा म्यूटच मिळतं. पाइपवायर किंवा पल्सऑडिओमधून (लिनक्सवर सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज एकत्र हाताळणाऱ्या सेवा) गेलात तर वाटेत रेट बदलला जाऊ शकतो. तंतोतंत प्रत हवी असेल तर कार्ड थेट "एचडब्ल्यू" नावाने उघडा, "प्लगएचडब्ल्यू" नको. रेट जुळला नाही तर "एचडब्ल्यू" सरळ नकार देतं, "प्लगएचडब्ल्यू" न सांगता रूपांतर करतं.

---

खर्जषड्ज

टिक गेली म्हणजे प्रत बरोबर आली असं समजू नका, तपासून घ्या. एकाच टेपचा तोच पाच मिनिटांचा भाग दोनदा उतरवा. दोन ट्रॅक एकाखाली एक घेऊन एखाद्या ठळक आघातावर सॅम्पलला सॅम्पल जुळवा, एक ट्रॅक इन्व्हर्ट करा आणि दोन्ही मिक्स करा. उरलेल्यावर ॲम्प्लिफाय चालवून बघा.

पूर्ण शांतता आली तर छान. सुरुवातीला शांत आणि मग एका क्षणापासून संगीत ऐकू येत राहिलं तर त्या जागी सॅम्पल निसटलाय, क्लॉक अजून नीट नाही. सगळीकडे शांत, फक्त मध्ये क्षणभराचे फटकारे असतील तर टेपवरच्या चुका आहेत: डेक प्रत्येक वेळी अंदाजाने वेगळं भरतोय. हेड साफ करा, तो भाग पुन्हा उतरवा. आणि कुठेच पूर्ण शांत होत नसेल, बारीक आवाज कायम राहत असेल, तर वाटेत कुणीतरी रेट किंवा व्हॉल्यूम बदलतंय.

ऑडॅसिटीत १६ बिटची फाइल काढताना प्रेफरन्सेसमधल्या क्वालिटीमध्ये "हाय-क्वालिटी कन्व्हर्जन"चा डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेला बारीक आवाज) "नन" करा. मुळात तो चालू असतो आणि तंतोतंत प्रतीत स्वतःचा बारीक खरखराट मिसळतो. लेव्हल वाढवलेली किंवा दुरुस्त केलेली प्रत काढताना मात्र परत चालू करा.

शेवटचं, आणि हे निसटतं. काही जुन्या डॅट रेकॉर्डिंगना प्री-एम्फसिस असतो: ५०/१५ मायक्रोसेकंद, म्हणजे साधारण ३ किलोहर्ट्झपासून वरचे स्वर उचललेले, १० किलोहर्ट्झला ७.६ डीबी, २० ला ९.५. एसपीडीआयएफच्या प्रवाहात त्याची खूण जाते, पण वेव्ह फाइलमध्ये ती ठेवायला जागाच नाही. डेकच्या हेडफोनवर आवाज नीट आणि संगणकावर तीच टेप टोचणारी, "स"कार फुसफुसणारे, असं झालं तर हेच. डेकवर "एम्फसिस" असा दिवा किंवा अक्षरं दिसतात का ते टेप चालू असतानाच बघून टेपच्या डबीवर लिहून ठेवा. मूळ फाइल तशीच जपा, डी-एम्फसिस वेगळ्या प्रतीवर २४ बिटमध्ये करा. सॉक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये त्यासाठी तयार इफेक्ट आहे.